रस्ता लांबला, टायर तोच राहिला : साठ टनी डंपरांच्या टायरांचं एक प्रकरण

उतरवलेल्या टायरांच्या ढिगात नऊ टायर होते. त्यातल्या सहांची नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक होती. मला मात्र आधी दाखवले गेले ते उरलेले तीन. त्यांच्यावर दगडाचे कट ठळक दिसत होते आणि 'दगडानं गेला' म्हटलं की कुणाला पुढे काही विचारावं लागत नाही. ते सहा टायर भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, पण प्रकरण त्या सहांचंच होतं.

पुढे येणारी वजनं, अंतरं आणि फेऱ्या हिशोब सोपा व्हावा म्हणून गोल केल्या आहेत, आणि जागा ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.

काम उघड्या खाणीचं. दगड कठीण, सुरुंगानं फुटला की कडेला सुरीसारखी धार येणारा. सहा डंपर, प्रत्येकात साधारण साठ टन माल. टायर 24.00 आर 35 मापाचे : रुंदी चोवीस इंच, रिम पस्तीस इंचाची, मधला 'आर' रेडियलचा. ('आर'च्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर तो बायस, म्हणजे तिरप्या धाग्यांचा.) पुढे दोन टायर, मागे जोडीजोडीनं चार.

बाजूवर ई-4 लिहिलेलं. अर्थमूव्हर टायरांवरची ही अक्षरं कामाचा प्रकार सांगतात : ई म्हणजे माल वाहून नेणारी गाडी, एल म्हणजे लोडर आणि डोझर, जी म्हणजे ग्रेडर. पुढचा आकडा नक्षीचा प्रकार आणि तिची खोली सांगतो. 3 म्हणजे दगडासाठीची नेहमीच्या खोलीची नक्षी, 4 म्हणजे तिच्या दीडपट खोल, आणि लोडरमध्ये येणारा 5 म्हणजे अडीचपट. त्याशिवाय रबराचं मिश्रण वेगळं निवडावं लागतं. एक मिश्रण कट सोसणारं, दुसरं उष्णता सोसणारं, आणि तिसरं दोहोंच्या मधलं. कट सोसणारं रबर चाकाच्या दर फेऱ्याला दबताना-सुटताना जास्त तापतं. उष्णता सोसणारं थंड चालतं, पण धारेच्या दगडापुढे लवकर हार मानतं. दोन्ही गुण पूर्णपणे एकाच टायरात देणारं रबर अजून कुणी बनवलेलं नाही, विक्रेते काहीही सांगोत.

या खाणीनं ई-4 आणि कट सोसणारं मिश्रण घेतलं होतं, आणि घेतलं तेव्हा ती निवड चोख होती. फेसपासून, म्हणजे दगड फोडून भरतात त्या कड्यापासून, मातीच्या डंपपर्यंत, म्हणजे ती टाकतात तिथवर, एका बाजूचं अंतर 1.6 किलोमीटर. अर्धा रस्ता खडकाळ, वेग कमी. टायर मरायचे ते कटनं. खोल नक्षी आणि चिवट रबर घेतल्यावर ते बरेच जास्त तास चालायला लागले. ज्यानं ही निवड केली त्याचं तिथं अजून नाव घेतात.

मग तो डंप भरला. नवा डंप 3.5 किलोमीटरवर सुरू झाला. रस्ता नवा, रुंद, बराचसा सपाट. डंपर पहिल्यांदाच वरच्या गियरमध्ये पळायला लागले आणि ऑपरेटर खूश झाले. नव्या डंपसाठी डिझेलचा हिशोब झाला, डंपरांची संख्या पुरेल का याचा हिशोब झाला. टायरांचा प्रश्न त्या बैठकीत निघालाच नाही. रस्ता आधीपेक्षा चांगला होता, मग टायरांचं भलंच होणार, असं सगळ्यांनी धरलं. मी त्या बैठकीत असतो तर मीही बहुधा तेच धरलं असतं.

चार महिन्यांत टायर जायला लागले. बसून नव्हे, फुगून. खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून साइडवॉल सुरू होते त्या कडेला, ताटाएवढा फुगा यायचा, आणि एक-दोन पाळ्यांत नक्षीचा अख्खा पट्टा सुटून यायचा.

तीन गट पडले. स्टोअरवाले म्हणत, लॉटच खराब आला. देखभालवाले म्हणत, ऑपरेटर गाडी हाणतात. ऑपरेटर म्हणत, लोडरवाला माल जास्त भरतो. टायर पुरवणाऱ्याचा माणूस येऊन गेला आणि 'वापरातला दोष' असं लिहून गेला. यामुळे पहिला गट आणखी चिडला, पण त्याचं लिहिणं चूक नव्हतं. फक्त वापरातला नेमका कोणता दोष, हे लिहायचं त्यानं टाळलं होतं.

भिंतीकडे तोंड केलेल्या सहांपैकी एक आम्ही कापायला घेतला. अख्खा कापायला अर्धा दिवस जातो, म्हणून खांद्याकडचा हातभर तुकडा काढला. तुकडा सुटताना जळक्या रबराचा वास आला. टायर उतरवून तीन आठवडे झाले होते तरी. नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या तारा जिथं रबरापासून सुटल्या होत्या तिथला पृष्ठभाग घासून गुळगुळीत झाला होता. म्हणजे थर एकदम सुटला नव्हता, आत बरेच दिवस घासत होता. त्याच्या शेजारचं रबर नखानं दाबलं तर मऊ, किंचित चिकट लागत होतं. आणि भिंगाखाली त्यात बारीक बारीक पोकळ्या दिसत होत्या, पावाला असतात तशा. रबर मर्यादेबाहेर तापलं की आतल्या आत असं सच्छिद्र होतं. कटनं किंवा घाव बसून मेलेल्या टायरात हे दिसत नाही. तिथं तारा तुटलेल्या असतात आणि रबर घट्ट असतं.

खांदाच का? कारण रबर सगळ्यात जाड तिथं असतं, आणि रबर उष्णता फार सावकाश बाहेर सोडतं. नक्षी जितकी खोल तितका आतला ताप अडकून राहतो. ई-4ची दीडपट खोली कटपासून राखते आणि तोच कोट उन्हाळ्यात घालून पळायला लावल्यासारखं होतं.

उष्णता हे नक्की झालं. पण ती वेगानं, वजनानं की हवेनं? सहा टायरांचे नंबर रजिस्टरशी ताडून पाहिले तेव्हा एक गोष्ट निघाली. सहांपैकी पाच पुढच्या चाकांचे होते. बाकी प्रकरण बऱ्याच अंशी याच एका नोंदीनं उलगडलं.

डंपर भरलेला असताना पुढच्या आणि मागच्या टायरांवर जवळजवळ सारखंच वजन येतं. तशीच त्याची रचना असते : एक तृतीयांश भार पुढे दोन टायरांवर, दोन तृतीयांश मागे चारांवर. आमच्या गाडीचं भरलेलं वजन 110 टन धरलं तर प्रत्येक टायरवर 18.3 टन. गाडी रिकामी झाली की चित्र बदलतं. रिकामं वजन 48 टन, ते साधारण निम्मं-निम्मं वाटलं जातं. म्हणजे पुढच्या प्रत्येक टायरवर 12 टन आणि मागच्या प्रत्येकावर 6. मागचा टायर परतीच्या वाटेवर विश्रांती घेतो, पुढच्याला तशी विश्रांती नाही. फेरीची सरासरी काढली तर पुढच्यावर 15.2 टन आणि मागच्यावर 12.2 टन येतात.

टायर किती ताप सोसू शकतो हे सांगणारा एक आकडा प्रत्येक मोठ्या टायरसोबत येतो, टन-किलोमीटर प्रति तास. कामावर सगळे त्याला टीकेपीएच म्हणतात. हिशोब सोपा आहे : टायरवरचं सरासरी वजन गुणिले पाळीभरातला सरासरी वेग. हा सरासरी वेग म्हणजे स्पीडोमीटरचा काटा कुठवर गेला ते नाही. पाळीत एकूण किती किलोमीटर झाले, भागिले पाळीचे एकूण तास. त्यात भरायला थांबलेला वेळ धरायचा आणि जेवणाचाही, कारण थांबल्यावर टायर थोडा निवतो.

जुन्या डंपच्या वेळी फेरी 3.2 किलोमीटरची होती आणि आठ तासांत 30 फेऱ्या व्हायच्या. 96 किलोमीटर, सरासरी ताशी 12. पुढच्या टायरचा टीकेपीएच 182. नव्या डंपला फेरी 7 किलोमीटरची आणि पाळीत 22 फेऱ्या. 154 किलोमीटर, सरासरी ताशी 19.25. पुढच्या टायरचा आकडा 293, मागच्याचा 235.

बसवलेल्या टायरच्या तक्त्यात लिहिलेली मर्यादा 240 होती.

मी हा हिशोब वर्कशॉपच्या फळ्यावर खडूनं केला तेव्हा स्टोअरकीपर उठून दोनदा जवळून पाहून गेला. मागचा टायर 235 म्हणजे काठावर. पण फेरी 5 किलोमीटरच्या पुढे गेली की आकड्याला वाढीव गुणक लावावा लागतो, कारण लांब पल्ल्यात टायरला मध्ये निवायला वेळ मिळत नाही. आणि तक्त्यातली मर्यादा भोवतालचं तापमान 38 अंश धरून दिलेली असते. त्याच्यावर पारा गेला की मर्यादा खाली येते. तेव्हा मागचेही सुरक्षित नव्हतेच, आणि सहावा टायर मागचा का होता हेही कळलं.

ऑपरेटर गाडी हाणत नव्हते. नव्या रस्त्याला जो वेग ठरवून दिला होता त्याच वेगानं ते चालवत होते. मी हे मुद्दाम सगळ्यांसमोर बोललो, कारण दोघांना आधीच ताकीद मिळाली होती.

प्रकरण इथं संपायला हवं होतं. पण 293 हा आकडा 240च्या बाविसेक टक्के वर आहे. अशा जादा भारानं टायर लवकर जातो हे खरं, तरी नक्षी निम्मी झिजायच्या आत इतके टायर जावेत हे मला पटत नव्हतं. आणखी काहीतरी असणार होतं.

हवेचं रजिस्टर मागवलं. ठरलेली हवा 100 पीएसआय. रजिस्टरात पानोपान 100. एकही 97 नाही, एकही 104 नाही. इतकं नीटस रजिस्टर मला नेहमी अस्वस्थ करतं. मोजणारा माणूस आणि मोजलं जाणारं टायर, दोघंही इतके शिस्तीत नसतात.

मला वाटलं, घरबसल्या भरलंय. ते माझं चुकलं. टायर फिटर, सगळे त्याला मामा म्हणतात, रोज खरोखर हवा मोजत होता. दुपारी पाळी बदलताना डंपर डिझेलला येत, तेव्हा तो गेज घेऊन उभा असे. मी त्याच्याशेजारी उभा राहिलो. पहिली गाडी आली. पुढच्या डाव्या टायरला गेज लावला, काटा 103. मामानं व्हॉल्व्हची पिन दाबली, हवा फुसफुसत राहिली, मधे मधे गेज लावून पाहत त्यानं काटा बरोबर 100वर आणला आणि वहीत 100 लिहिलं. उजवा टायर 104. पुन्हा तेच.

"मामा, रोज असं करता?"

"रोज साहेब. एक दिवस चुकवत नाही. दुपारी हवा फुगते ना. टायर फुटू नये म्हणून सोडावी लागते."

"आणि सकाळी कोण बघतं?"

"सकाळी गाड्या आधीच फेसवर असतात. सकाळी कुठं सापडतायत मला?"

गिअरबॉक्सच्या कामासाठी एक डंपर दोन दिवस उभा होता. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. पूर्ण निवलेला टायर म्हणजे काय हे इथं नेमकं सांगायला हवं. इतक्या मोठ्या टायरला निवायला तासभर नव्हे, जवळजवळ एक दिवस लागतो. हा तर दोन दिवस सावलीत उभा होता. मामानं स्वतःच्या हातानं गेज लावला. 84. दुसरा 82. तिसरा 85. मामा गेज हातात घेऊन काही वेळ तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "गेज बिघडला असेल." दुसरा गेज आणला. 83.

बंद टायरात हवा तापली की दाब वाढतो, हे शाळेतलं गणित. निवलेल्या टायरात 30 अंशांना 100 पीएसआय असलेली हवा आतून 80 अंशांवर गेली की गेज साधारण 119 दाखवतो. ही वाढ टायर बनवणाऱ्यानं हिशोबात धरलेलीच असते. 119ला घाबरून ती 100वर आणली, की टायर पुन्हा निवल्यावर आत उरतात 84. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, जास्त तापला की दुपारी गेज पुन्हा वर जातो, आणि मामा पुन्हा हवा सोडतो. रोज तीच फेरी. त्या प्रामाणिक माणसाच्या हातून टायर रोज थोडे थोडे शिजत होते, आणि वहीत सगळीकडे 100.

जुन्या डंपच्या काळातही मामा हेच करत होता. तेव्हा टायर इतका तापतच नव्हता, त्यामुळे सोडायला फारशी हवा नसायची. सवय जुनीच, ती जड पडली लांब रस्त्यावर. दोन्ही चुका एकमेकींना हात देत होत्या, म्हणून टायर इतक्या लवकर गेले.

नियम आम्ही एकच लिहिला आणि तोही मोठ्या अक्षरांत : गरम टायरातून हवा सोडायची नाही. मोजणी निवलेल्या टायरची, म्हणजे आठवड्याच्या सुटीनंतर पाळी सुरू व्हायच्या आधी. मधल्या दिवसांत दुपारी मोजायला हरकत नाही, पण ती एकमेकांशी ताडून पाहायला. पाच टायर 119 आणि एक 108 असेल तर तो एक गळतोय, त्याचा व्हॉल्व्ह आणि ओ-रिंग पाहा. आणि एखादा 140 दाखवत असेल तर हवा न सोडता गाडी बाजूला घ्या आणि ती इतकी का तापली ते शोधा. ब्रेक चिकटलेला असतो, किंवा हवा मुळातच कमी असते. त्यातच कळलं की वर्कशॉपमधले तीन गेज एकाच टायरला तीन आकडे दाखवतात, दोन टोकांत 9 पीएसआयचा फरक. एक चांगला गेज फक्त बाकीचे तपासायला म्हणून कपाटात ठेवला. व्हॉल्व्हच्या टोप्या निम्म्या गाड्यांना नव्हत्या. टोपी नुसती धूळ अडवायला असते असा समज आहे. प्रत्यक्षात पिनेनं हवा सोडली तर शेवटचा अडसर तीच असते.

कुणीतरी नायट्रोजनचा मुद्दा काढला. नायट्रोजनला माझी ना नाही. आत ऑक्सिजन नसला की रबर आणि रिम कमी खराब होतात, आणि टायर आतून पेट घेण्याचा धोका कमी होतो. मोठ्या डंपरांत एवढं कारण पुरेसं आहे. पण नायट्रोजनही तापला की हवेइतकाच फुगतो. मामानं तोही रोज सोडला असता.

आता टायर बदलायचा प्रश्न. सगळ्यात सोपा उपाय होता वेग कमी करणं. ताशी सरासरी 15.5 वर आणली तर पुढचा टायर 236वर येतो, पण पाळीतल्या चार-पाच फेऱ्या जातात, आणि ते कुणी मान्य करणार नव्हतं. दुसरा, ई-3 आणि उष्णता सोसणारं मिश्रण. टीकेपीएच भरपूर, पण फेसजवळचे शेवटचे तीनशे मीटर अजूनही धारेच्या दगडाचेच. तिथं पातळ नक्षीचा टायर आठवड्यात चिंध्या होईल, ही मामाची भीती खरी होती. आम्ही मधला मार्ग घेतला : नक्षी ई-4चीच, मिश्रण उष्णता सोसणारं, तक्त्यातली मर्यादा 293च्या बऱ्याच वर. आणि कटचा धोका टायरऐवजी रस्त्यावर कमी करायचा.

स्टोअरमध्ये कट सोसणारे आठ टायर नवेकोरे पडले होते. ते परत जाणार नव्हते. पण त्याच खाणीत फेस ते क्रशर हा 1.1 किलोमीटरचा खडकाळ तुकडा होता, आणि जुना टायर नेमका तशाच कामासाठी जन्मलेला. दोन डंपर फक्त क्रशरच्या वाटेला बांधून दिले आणि आठही टायर त्यांच्यासाठी राखून ठेवले. उत्पादनवाल्यांनी यावर सगळ्यात जास्त भांडण काढलं, कारण गाड्या कुठल्याही वाटेला फिरवायची त्यांना मुभा होती. शेवटी त्या दोन डंपरांच्या हौद्यावर पिवळा पट्टा ओढला. पिवळा पट्टा लांबच्या डंपवर दिसला की टाइमकीपर वायरलेसवर विचारतो.

टायरांची फिरवाफिरवही बदलली. नवा टायर पुढे घालायचा, एक तृतीयांश झिजला की मागे न्यायचा, ही सर्वत्र चालणारी रीत आहे आणि तिला कारण आहे. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही, म्हणून तिथं निरोगी टायर हवा. पण नवा म्हणजे पूर्ण खोल नक्षीचा, म्हणजे सगळ्यात जास्त तापणारा, आणि तो सगळ्यात जास्त टीकेपीएचच्या जागी. जुन्या मिश्रणाच्या बाबतीत हीच जोडी जीवघेणी ठरली होती. नव्या मिश्रणात मर्यादेला जागा होती, म्हणून रीत ठेवली. मागच्या जोडीत मात्र एक झिजलेला आणि एक नवा असं शेजारी घालणं बंद केलं. व्यासात थोडा फरक असला तरी मोठा टायर जास्त ओझं उचलतो आणि छोटा रस्त्यावर घासत जातो. जोडीच्या मधे दगड अडकू नये म्हणून लटकणारे लोखंडी दांडे असतात. सहापैकी दोन गाड्यांचे दांडे वाकून टायरलाच घासत होते. ते अर्ध्या तासाचं काम होतं.

रस्त्याचं काम जास्त चाललं. फेसवर लोडर बकेट भरून वळताना जे दगड सांडतात त्यांच्यावरूनच डंपर मागे येतो, आणि ओल्या जागी तेच दगड दुप्पट घातक. पाणी लागलेलं रबर फार सहज कापलं जातं, ओल्या सुरीनं कापून पाहा. फेसजवळ साचणाऱ्या पाण्याला चर काढून दिला आणि डोझरला दर पाळीत दोनदा जमीन साफ करायचं काम लावलं. नव्या रस्त्यावर एक वळण सपाट सोडलं होतं, बाहेरची कड उचललेली नव्हती. भरलेला डंपर तिथं बाहेरच्या पुढच्या टायरवर झुकायचा. डाव्या टायरांचे खांदे उजव्यांपेक्षा जास्त झिजलेले होते ते यामुळं, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ग्रेडरवाल्यानं दोन दिवसांत कड उचलून दिली.

लोडरचा एक छोटा धडा याच्याच पोटातला. डंपर लांब जायला लागले, फेरी लांबली, म्हणून मधल्या वेळेत लोडर बकेट भरून स्वतःच अडीचशे-तीनशे मीटरवरच्या ढिगाकडे नेत होता. त्याला एल-5 टायर, अडीचपट खोल नक्षी. लोडरच्या एल वर्गाचं काम धरलेलं असतं ते ताशी दहा किलोमीटरच्या आत आणि पाऊणशे मीटरपर्यंतच्या ये-जाचं. तीनशे मीटर धावायला लावलं तर तो टायर डंपरच्या टायरपेक्षाही लवकर शिजतो. एक गेलाही होता, तोही 'दगडानं'. धावपळ बंद केली, टायर तोच ठेवला.

या सगळ्या काळात एक प्रसंग घडता घडता राहिला. तो टायरांच्या आयुष्याचा नाही, माणसांच्या आयुष्याचा होता. मागच्या जोडीतला एक टायर बदलताना चाकाचा नट गंजून बसला होता. मदतनीस पोरानं गॅसची नळी ओढत आणली, नट तापवून सैल करायला. टायर फिट केलेला, आत हवा. मामा पलीकडून ओरडला आणि पोरगा थांबला.

रिमला ज्योत किंवा वेल्डिंग लागलं की आतल्या बाजूनं रबर तापून ज्वलनशील वायू सोडायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. ज्योत बंद केल्यावरही ते आत चालू राहू शकतं, आणि मग टायर बॉम्बसारखा उडतो. नुसती हवा सोडून भागत नाही. आधी टायर रिमवरून उतरवायचा, मग ज्योत. हे ऐकलेलं सगळ्यांनी असतं, पण नट अडला आणि पाळी संपत आली की विसरायला होतं. त्याच दिवशी दुसरा नियमही पुन्हा बजावला : चाकाचा एकही नट सैल करण्याआधी जोडीतल्या दोन्ही टायरांचा व्हॉल्व्ह कोअर काढून हवा शून्य करायची. मोठ्या रिमा अनेक तुकड्यांच्या असतात, कडा, पट्टा, लॉक रिंग. आतल्या चाकाची रिम तडकलेली असली तर तिला नटांनीच धरून ठेवलेलं असतं. आणि हवा भरताना लांब नळी, अडकवून ठेवायचा चक, साइडवॉलसमोर कुणीही नाही. ज्या टायरला ब्रेकनं धूर येतोय त्याच्याजवळ पाण्याची बादली घेऊन धावायचं नाही. लांब पळायचं, सगळ्यांना लांब न्यायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्या गाडीकडे फिरकायचं नाही.

नवे टायर बसल्यानंतर सहा महिने मी अधूनमधून जात होतो. नव्या मिश्रणाचा एकही टायर फुगून गेला नाही. दोन कटनं गेले, एक त्याच फेसजवळच्या तुकड्यात. हे होणार हे आम्ही आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं, म्हणून ते दोन उतरले तेव्हा आरडाओरड झाली नाही. उथळ कट आता वेळीच वाडग्याच्या आकारात तासून काढतात, म्हणजे खडा आत रुतून तारांपर्यंत पोचत नाही. प्रत्येक टायरला कार्ड आहे : नंबर, तास, तीन जागची नक्षी मिलिमीटरमध्ये, उतरवण्याचं कारण. 'दगड' हा शब्द कारणाच्या रकान्यात एकटा लिहायला बंदी आहे. कट कुठं, किती खोल, तारा दिसतात का, एवढं लिहावंच लागतं.

हवेच्या रजिस्टरात आता 97 असतो, 102 असतो, कधी 91 असतो आणि शेजारी 'व्हॉल्व्ह बदलला' असं मामाच्या अक्षरात.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. लांबच्या वाटेवर कित्येक महिने 84वर चाललेले अकरा टायर जिवंत उरले होते. आत किती बिघडलंय हे बाहेरून कळत नाही. फेकावे तर नक्षी भरपूर, ठेवावे तर विश्वास नाही. आम्ही ते हवा नीट भरून पिवळ्या पट्ट्याच्या गाड्यांना मागच्या बाजूला घातले, मागच्या आठ जागांत न मावलेले राखीव ठेवले. स्टोअरमधले ते आठ नवे पुढे आणि राखीव. अकरांपैकी दोन नंतरही खांद्यावर फुगले, दोन्ही वेळा मामाच्या हाताला आधी लागले. दर सोमवारी गाडी सुटायच्या आधी तो त्या टायरांच्या खांद्यावरून तळवा फिरवतो, जिथं शंका येते तिथं खडूनं गोल काढतो आणि पुढच्या सोमवारी तो गोल मोठा झाला का ते पाहतो. उरलेल्या नऊंपैकी तिघांवर सध्या खडूचे गोल आहेत.